खाली उतरलेले दिवस

अनुभवाच्या दाखल्याचा तो कागद मी पहिल्यांदा नीट वाचला तो रायपूरच्या आमच्या घरी, आषाढातल्या एका दुपारी. बाहेर तात्यापाऱ्याच्या गल्लीत पाणी तुंबलं होतं आणि समोर आजी गवार मोडत बसली होती. कागदावर रकाने होते: खाणीचं नाव, मालक, कोळसा की धातू, भूमिगत की उघडी, केव्हापासून, केव्हापर्यंत, कामाचं स्वरूप. तळाशी खाणीच्या व्यवस्थापकाची सही आणि शिक्का. खाण अभियांत्रिकीची पदवी घेऊन मला वर्ष उलटलं होतं, शिकाऊ म्हणून खाणीवर रुजू होऊन तीन महिने. तरी ‘भूमिगत’ समोरच्या ‘केव्हापासून’मध्ये लिहायला माझ्याकडे एकही तारीख नव्हती.

आजीनं विचारलं, “परीक्षा आहे ना? मग अभ्यास कर आणि दे. दिवस कसले मोजत बसलीस?”

मला उत्तर देता आलं नाही. मी ज्या कॉलेजात चार वर्षं शिकले, त्याचा जन्मच खाणींसाठी झालेला. १९५६ साली डॉ. राजेंद्र प्रसादांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली, तेव्हा नाव होतं गव्हर्नमेंट कॉलेज ऑफ मायनिंग अँड मेटलर्जी. दल्ली-राजहऱ्याचं लोहखनिज, कोरब्याचा कोळसा, भिलाईची भट्टी, या सगळ्याला माणसं हवी होती म्हणून रायपुरात आधी हे दोन विषय आले. २००५ मध्ये ते एनआयटी झालं. जी. ई. रोडवरच्या त्या इमारतीत मी खडकांची ताकद, वायुवीजन, स्फोटकं, भूमापन शिकले, पैकीच्या पैकी गुण घेतले. पदवीच्या पुढे आणखी एक दार आहे आणि ते गुणांनी नाही, दिवसांनी उघडतं, हे माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं.

माझा आतेभाऊ पुण्यात सिव्हिल इंजिनिअर आहे. पदवी मिळाल्याच्या दुसऱ्या महिन्यात तो इमारतीच्या कामावर होता. वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे, वकिलांसाठी १९६१ चा. अभियंत्यांसाठी देशभर लागू होणारा तसा नोंदणीचा कायदा नाही. कोलकात्याची इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही संस्था १९२० ची, १९३५ मध्ये तिला राजसनद मिळाली, अनुभवी माणसांना ती ‘चार्टर्ड इंजिनिअर’ म्हणवून घेण्याचा हक्क देते; पण तो नसला म्हणून कुणाची नोकरी अडत नाही. मावसभाऊ अमेरिकेत आहे. तिथे पदवीच्या सुमारास एक परीक्षा, मग साधारण चार वर्षं परवानाधारक अभियंत्याच्या हाताखाली काम, मग दुसरी परीक्षा, तेव्हा कुठे आराखड्यावर स्वतःची सही. तो फोनवर म्हणाला होता, “तुमच्याकडे असलं काही नसतं ना?”

मीही तेव्हा ‘नसतं’ म्हणाले होते. खाणीत ते असतं, आणि फार कडक असतं. तेव्हा लागू असलेल्या १९५२ च्या खाण कायद्यानुसार प्रत्येक खाणीला एक व्यवस्थापक लागायचा आणि तो सरकारी सक्षमता प्रमाणपत्र असलेलाच लागायचा. हे प्रमाणपत्र धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाकडून मिळतं. सगळे त्याला डीजीएमएस म्हणतात. त्यात पहिला वर्ग आणि दुसरा वर्ग. त्याखाली ओव्हरमन, त्याखाली मायनिंग सरदार, आणि त्या प्रत्येकाचंही वेगळं प्रमाणपत्र. कागद नसलेला माणूस, मग तो कितीही शिकलेला असो, खाणीत दुसऱ्यांना ‘इथे काम करा’ असं कायद्यानं सांगूच शकत नाही.

दुसऱ्या वर्गासाठी पदवीधराला एक वर्षाचा प्रत्यक्ष अनुभव लागतो, म्हणून आमच्यातली बरीच मुलं पदवीनंतर वर्षभराचं शिकाऊ प्रशिक्षण घेतात. त्याला पीजीपीटी म्हणतात, डिप्लोमावाल्यांचं पीडीपीटी. तेव्हा विद्यावेतन महिना नऊ हजार होतं. शिवाय सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचं प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र हवं, कोळशासाठी गॅस तपासण्याचं प्रमाणपत्र हवं. लेखी परीक्षेत मात्र पदवीधरांना बहुतेक विषयांची सूट असते. कायदा, व्यवस्थापन आणि सुरक्षा एवढाच पेपर उरतो.

पण यातही एक फाटा आहे, आणि मी नेमकी तिथे अडकले होते. अनुभव फक्त उघड्या खाणीतला असेल तर प्रमाणपत्र ‘मर्यादित’ मिळतं, ते उघड्या खाणींपुरतंच चालतं. ‘अमर्यादित’ हवं असेल तर जमिनीखाली काम केलेलं असावं लागतं. आणि मला अमर्यादित हवं होतं. गेवरा-कुसमुंड्याच्या अवाढव्य उघड्या खाणी मी कॉलेजच्या सहलीत पाहिल्या होत्या. पण ज्या विषयानं मला झोपू दिलं नाही तो होता छताचा विषय, लाखो टन खडक डोक्यावर असताना माणसाला सुखरूप कसं ठेवायचं याचा. त्या विषयाची माणूस व्हायचं तर खाली उतरणं भाग होतं.

मी रुजू झाले २०२४ च्या एप्रिलमध्ये, कोरिया-सूरजपूरच्या बाजूच्या एका जुन्या भूमिगत खाणीवर. दुर्ग-अंबिकापूर एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास, पहाटे साल आणि महुआची झाडं, खिडकीतून आत येणारा दमट वास. नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात कुणाला बोल लावण्याचा माझा हेतू नाही. वैद्यकीय तपासणी झाली, व्हीटीसीत, म्हणजे प्रशिक्षण केंद्रात, नव्या माणसाचं प्रशिक्षण झालं. त्यात एकदा तासाभरासाठी खाली नेऊन आणलं. नंतर मला प्लॅनिंगच्या खोलीत बसवलं. नकाशे रंगवणं, पंपांच्या नोंदी, जुने अहवाल संगणकावर चढवणं. एप्रिल गेला, मे गेला. माझ्याबरोबर रुजू झालेले दोन मुलगे रोज सकाळी कॅप लॅम्प बांधून इनक्लाइनकडे, म्हणजे खाणीत उतरणाऱ्या तिरक्या वाटेकडे, जायचे आणि दुपारी काळे होऊन परतायचे. मी त्यांना नकाशावर विचारायची, “आज कुठल्या गॅलरीत होतात?”

जूनमध्ये धीर करून विचारलं. उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्यांनी माझ्यापुढे एक अधिसूचना ठेवली. त्यांचा आवाज खरोखर कनवाळू होता.

ती अधिसूचना २०१९ ची. त्याआधी खाण कायद्याचं ४६ वं कलम बाईला जमिनीखाली कामाला ठेवूच देत नव्हतं. म्हणजे २०१८ साली मी पदवीधर असते तर अमर्यादित प्रमाणपत्राला लागणारा अनुभव मला कायदेशीर मार्गानं मिळालाच नसता. एका कायद्यानं अट घालायची आणि त्याच कायद्यानं ती पुरी करण्याची वाट बंद करायची, अशी ती स्थिती होती. २०१९ मध्ये सवलत आली. सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळात, बाईच्या लेखी संमतीनं, तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांसाठी तिला खाली पाठवता येईल. दोन गोष्टी मात्र मी पुन्हा पुन्हा वाचल्या. एक, अशीच कामं जिथे सतत हजर राहण्याची गरज नाही. दुसरी, एका पाळीत किमान तीन बायका हव्यात.

“आणि तू एकटी आहेस,” साहेब म्हणाले.

हे ऐकून माझी जी अवस्था झाली ती मला अजून आठवते. राग यावा असं त्यात काही नव्हतं. तीनची अट आमच्या सुरक्षिततेसाठीच घातलेली. एकटी मुलगी दोन किलोमीटर आत, अंधारात, शंभर-दीडशे पुरुषांत, हा विचार करून कुणीतरी ती लिहिली असणार. पण अनुभवाचा रकाना तर दिवस मागतो, आणि दिवस मिळण्यासाठी आणखी दोन बायका हव्यात, आणि त्या बायकांना तिथे पोचण्यासाठी आधी तोच रकाना भरावा लागतो. कुठून सुरुवात करायची?

मग साहेब म्हणाले, “काळजी करू नकोस. वर्ष संपलं की अनुभवाच्या दाखल्यात भूमिगतचे दिवस लिहून देऊ. तू हुशार आहेस, परीक्षा पास होशील.”

ते माझं भलं पाहत होते. मी ‘थँक यू सर’ म्हणून बाहेर आले आणि हातपंपाजवळच्या कट्ट्यावर बसून राहिले. सगळं सुटलं असं वाटायला हवं होतं, पण पोटात खड्डा पडला होता, आणि तो का पडला ते मला सांगता येत नव्हतं. आषाढात सुट्टी घेऊन घरी आले ती हेच मनात घेऊन, आणि तो कागद टेबलावर पसरला तोही याच विचारात.

बाबांना संध्याकाळी सांगितलं. बाबा रेल्वेत कॅरेज अँड वॅगनला होते, निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. लहानपणी मी त्यांच्याबरोबर यार्डात गेले की ते लांब दांड्याच्या हातोडीनं चाकांवर ठोके देत पुढे जायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. धड चाक घंटेसारखं वाजतं, तडा गेलेलं बोदं वाजतं. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “तो दाखला दाखवून तू उद्या कुणाला खाली पाठवशील?”

मी म्हटलं, “बाबा, माणसं आधीपासून खाली आहेतच. मी त्यांच्यावर देखरेख करीन.”

“म्हणजे पाठवशीलच.”

ते उठून टीव्ही लावायला गेले. त्या रात्री मी नियम पुन्हा वाचायला घेतले, आणि इतके दिवस न दिसलेली गोष्ट दिसली. पदवी नसलेल्या माणसाला याच प्रमाणपत्रासाठी कितीतरी जास्त वर्षांचा अनुभव लागतो. पदवी म्हणजे त्या वर्षांतली सूट. सरकारनं मानलं की चार वर्षं वर्गात बसून मी जे शिकले ते खाली काढलेल्या काही वर्षांच्या तोडीचं आहे. सगळं वजा करून जे उरलं, ते हे एक वर्ष. याच्यापेक्षा कमी करणं त्यांनाही धोक्याचं वाटलं असणार. आणि तेवढंही मी कागदावर लिहून घेणार होते.

कॉलेजात चासनालाची दुर्घटना शिकवतात. २७ डिसेंबर १९७५. धनबादजवळच्या त्या खाणीत वरच्या जुन्या, पाण्यानं भरलेल्या कामाचं पाणी भिंत फोडून खाली शिरलं आणि साडेतीनशेहून जास्त माणसं आत गेली ती परतली नाहीत. परीक्षेत तो पाच गुणांचा प्रश्न असतो: जुन्या कामांपासून किती अंतर सोडायचं, आगाऊ बोअरहोल किती मारायचे. मी ते उत्तर कधी चुकवलं नाही. पण आपल्या पुढची भिंत ओली आहे की नुसती घामेजलेली, हे हात लावून ओळखायला मला कुणी शिकवलं नव्हतं.

परत गेल्यावर मी लेखी अर्ज दिला. दाखला खरा हवा, त्यासाठी काय करता येईल ते सांगा, एवढाच. पूर्ण अर्ज चार ओळींचा होता, तो लिहायला मला दोन रात्री लागल्या. शेजारच्या उपक्षेत्रात वायुवीजन विभागात एक ताई अधिकारी होत्या, वर्षभरापूर्वी बदलून आलेल्या. त्यांना आठवड्यातून काही दिवस आमच्या खाणीचं काम होतं. जशपूरहून पीडीपीटीसाठी आलेली एक डिप्लोमावाली मुलगी उघड्या खाणीवर होती आणि तिलाही ओव्हरमनसाठी भूमिगतचे दिवस हवे होते. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघी एका पाळीत आलो. हे जुळवून आणलं त्याच साहेबांनी, हेही सांगायला हवं.

मधल्या दोन-तीन महिन्यांत मी आधीच्या बायकांची नावं शोधून वाचत असे. नागपूरच्या चंद्राणी प्रसाद वर्मा, ज्यांना नव्वदच्या दशकात खाण अभियांत्रिकीला नुसता प्रवेश मिळावा म्हणून न्यायालयात जावं लागलं आणि ज्या देशातल्या पहिल्या महिला खाण अभियंता झाल्या. २०२१ मध्ये झारखंडच्या चुरी खाणीत उतरलेल्या आकांक्षा कुमारी, कोल इंडियाच्या भूमिगत खाणीतल्या पहिल्या महिला अभियंता. राजस्थानच्या जस्ताच्या खाणींतल्या संध्या रसकटला आणि योगेश्वरी राणे, ज्यांनी पहिल्या वर्गाचं अमर्यादित प्रमाणपत्र मिळवलं. त्यांचे फोटो मी खोलीत लावले नाहीत, पण त्यांनीही हाच रकाना भरला असणार, हा विचार मला रोज सकाळी उठवायचा.

पहिला खरा दिवस. लॅम्प रूममध्ये टोकन, कमरेला बॅटरी आणि सेल्फ रेस्क्यूअर, डोक्यावर दिवा. स्टोअरमधले सगळ्यात लहान गमबूटही मला मोठे, म्हणून आत दोन-दोन मोजे. मोबाइल, घड्याळ, काडेपेटी वरच ठेवायची. खाली उतरणाऱ्यांची हजेरी वेगळ्या वहीत असते; मी माझं नाव लिहिताना पाहत होते आणि लिहिणाऱ्या बाबूंना ते कळलं असावं, कारण त्यांनी वही माझ्याकडे थोडी वळवली. मग इनक्लाइनचा उतार. सुरुवातीला मागे वळून पाहिलं की उजेडाचा चौकोन दिसतो, मग नाण्याएवढा, मग नाहीच. आत जाणाऱ्या हवेच्या वाटेवर गार वाटतं. परतीच्या वाटेवर दमट आणि जड.

मी नकाशावर ज्या गॅलऱ्या चार महिने रंगवल्या होत्या त्या मला ओळखता येईनात. कागदावर सगळे खांब चौकोनी असतात. खाली कोपरे झिजलेले, कुठे कोळशाचे थर सुटून पडलेले, कुठे पाणी. आमची खाण बोर्ड अँड पिलर पद्धतीची, म्हणजे कोळशाचेच खांब उभे ठेवत आडव्या-उभ्या वाटा काढायच्या आणि शेवटी ते खांबही मागे येत येत काढून घ्यायचे. खांब काढलेल्या जागी छत स्वतःच खाली येतं, त्या पोकळीला गोफ म्हणतात. गोफच्या तोंडाशी उभं राहिलं की आत दिवा मारूनही काही दिसत नाही. ऐकू मात्र येतं.

मला ज्या सरदारांच्या हाती सोपवलं होतं ते सूरजपूरकडचे. वय पन्नाशीच्या पुढे. सकाळी घरून बासी खाऊन येणारे, रात्रभर पाण्यात भिजवलेला भात, कांदा आणि मिरची. पोट थंड राहतं, म्हणायचे. मला ते पहिल्या दिवसापासून नोनी म्हणाले. छत्तीसगढीत लेकीला नोनी म्हणतात. कोळशाच्या खाणीत छताला ‘चाल’ म्हणतात, आणि मराठी कानाला हा शब्द किती विचित्र वाटतो! आपल्याकडे चाल माणसाची असते, गाण्याची असते. इथे ती डोक्यावर असते आणि तीही चालतच असते, फार सावकाश, हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं.

“चाल ह बोलथे नोनी, सुन,” ते म्हणाले. “पहिली सुन, तहाँ ले गोड़ मढ़ाबे.” आधी ऐक, मग पाय टाक.

त्यांनी काठीनं छतावर ठोका दिला. टणक, स्वच्छ आवाज. दोन पावलं पुढे दुसरा ठोका. मला तो तसाच वाटला. त्यांनी माझ्या डाव्या हाताची बोटं छताला टेकवायला लावली आणि शेजारी पुन्हा ठोकलं. बोटांखाली किंचित थरथर झाली, जणू पलीकडून कुणी दार ढकलत होतं. तिथला थर वरच्या खडकापासून सुटलेला होता. ड्रेसरला, म्हणजे सुटलेलं छत पाडणाऱ्या कामगाराला, हाक मारून त्यांनी तो पाडून घेतला; जेवणाच्या ताटाएवढाल्या फरश्या धाडकन खाली आल्या. मी ज्या जागी पाऊल टाकणार होते, त्याच जागी.

त्या क्षणी मला यार्डातली हातोडी आठवली आणि बाबांचा प्रश्नही. छताचं सूत्र मला तोंडपाठ होतं. खडकाची प्रत ठरवायची, त्यावरून आधार किती लागेल ते काढायचं, रूफ बोल्ट किती अंतरावर मारायचे ते लिहायचं. ते सूत्र खोटं नाही, त्याच्यावरच आम्ही बोल्ट मारतो. पण सूत्रात घालायची माहिती कुठून येते? ती या काठीतून येते, या बोटांतून येते. आणि बोटांना शिकायला दिवस लागतात. एकाच गॅलरीतलं छत सोमवारी एक बोलतं, गुरुवारी दुसरं. पावसाळा सरताना वेगळं. वर्षाची अट कुणी घातली असेल तर त्यानं वर्षभर असं ऐकलेलं असणार, असं मला तिथे उभं राहून पटलं.

गॅसचंही तसंच. मिथेन हवेपेक्षा हलका, म्हणून तो छतालगत साचतो. हवेत त्याचं प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या मध्ये गेलं की ठिणगीनं स्फोट होतो. आता इलेक्ट्रॉनिक मीटर आहेत, तरी ज्योतीचा सुरक्षादीप अजून शिकवतात. ज्योत अगदी बारीक करायची, दिवा सावकाश छताकडे न्यायचा, आणि ज्योतीवर निळसर टोपी दिसते का ते पाहायचं. टोपीची उंची वाढते तसं गॅसचं प्रमाण वाढलेलं. पहिले पंधरा दिवस मला टोपी दिसलीच नाही. ताई म्हणायच्या, डोळ्यांना अंधारात बसू दे, घाई करू नकोस. सोळाव्या की सतराव्या दिवशी ती दिसली, पाण्यावरच्या तेलाच्या रंगासारखी फिकी, आणि मी इतक्या मोठ्यानं ओरडले की ताईंनी माझ्या हातातून दिवा काढून घेतला.

दिवसांचा हिशेब मात्र तिघींचा होता. एक आजारी पडली की बाकीच्या दोघी वर. मला ताप आला तेव्हा जशपूरच्या मुलीचे चार दिवस गेले आणि तिनं मला खिचडी करून खाऊ घातली, एक शब्द न बोलता. सप्टेंबरमध्ये ताई तिजाला माहेरी गेल्या. तिजा म्हणजे आपली हरतालिकाच. छत्तीसगढात त्या दिवसांत भाऊ बहिणीला न्यायला येतो आणि कुठलंही कार्यालय तिला अडवत नाही. आम्ही दोघी तेवढे दिवस प्लॅनिंगच्या खोलीत. मला गणपतीला घरी जाता आलं नाही याचं वाईट वाटलं, पण त्याहून जास्त वाईट त्या न उतरलेल्या दिवसांचं वाटलं. नोव्हेंबरात ताईंची दुसऱ्या खाणीवर तातडीची ड्यूटी लागली, पुन्हा नऊ दिवस. ‘सतत हजर राहण्याची गरज नाही’ या शब्दांमुळे कधी कधी आम्हांला जेवणाच्या सुट्टीआधीच वर बोलावून घेत. तेव्हा मी हजेरीच्या वहीत वेळ लिहिली आहे का ते पाहायची. तीन बायकांची अट काढून टाका असं मी म्हणत नाही. खाणीवर नेमताना तिघींना एकत्र नेमा, एवढंच म्हणते. एका जागी एकटी मुलगी शिकाऊ म्हणून पाठवली की तिचं वर्ष आधीच अर्धं झालेलं असतं.

खालून वर आले की मी आजीला फोन करायची. आषाढातल्या त्या दुपारनंतर तिनंच सांगितलं होतं, “दिवसच मोजायचे असतील तर मीही मोजते.” देवघराशेजारच्या कालनिर्णयावर ती मी उतरलेल्या प्रत्येक तारखेला कुंकवाच्या काडीनं ठिपका द्यायची. ती कधी विचारायची नाही की आत कसं आहे, भीती वाटते का. एवढंच विचारायची, “उतरलीस?” मी हो म्हटलं की फोन ठेवायची.

मार्चअखेर गुढीपाडव्याला घरी आले. वर्ष संपायला थोडेच दिवस उरले होते. साहेबांनी मला दाखल्याचा कच्चा मसुदा भरून आणायला सांगितला होता. भूमिगतचे म्हणून जे खरे दिवस असतील तेच लिही, बाकीचे कुठे मिळतील ते आपण पाहू, असंही म्हणाले. दुसऱ्या एका भूमिगत खाणीत मुलींची तुकडी एकत्र घेण्याचं चाललं होतं, तिथे त्यांनी माझं नाव सांगितलं होतं. श्रीखंड झालं, गुढी उतरवून झाली, आणि मी तोच कागद त्याच टेबलावर पसरला. माझ्या डायरीत प्रत्येक दिवसाची नोंद होती: उतरले किती वाजता, वर आले किती वाजता, कुठली गॅलरी, काय शिकले. मोजले. १२१.

आजी देवघरातून दोन कालनिर्णय घेऊन आली, गेल्या वर्षीचं आणि यंदाचं. चष्मा लावून, बोट ठेवत ठेवत, पानं उलटत तिनं मोजलं. “माझे १२२.”

पुन्हा मोजलं. तिचे १२२, माझे १२१. मग एकेक महिना शेजारी ठेवून पाहिलं. डिसेंबरमध्ये एका शुक्रवारी तिचा ठिपका होता, माझ्या डायरीत नोंद नव्हती. मला तो दिवस आठवला. आम्ही तिघी तयार होऊन इनक्लाइनच्या तोंडापर्यंत गेलो होतो, खालून पंप बंद पडल्याचा निरोप आला आणि आम्हांला परत पाठवलं. संध्याकाळी फोनवर आजीनं ‘उतरलीस?’ विचारलं तेव्हा मी थकलेली होते आणि नुसतं ‘हं’ म्हणाले असणार.

“आजी, त्या दिवशी मी तोंडापर्यंतच गेले होते,” मी म्हटलं.

तिनं कालनिर्णय डोळ्यांजवळ नेलं, तो ठिपका पाहिला, आणि पदराचं टोक ओलं करून तो पुसू लागली. कुंकू कागदात मुरलं होतं, निघेना. मग तिनं माझ्या हातातलं पेन मागून घेतलं आणि त्याच्यावर बारीकशी फुली मारली.

“लिही आता,” ती म्हणाली. मी १२१ लिहिले.